पडताळणीच्या लिंकची मुदत संपल्यावर सभासदाला काय दाखवावे?

ग्रंथालय_सेवक (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या गावातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ मी हौसेखातर सांभाळतो. यंदा सभासदत्वाचे नूतनीकरण ऑनलाइन सुरू केले. सभासदाने नाव, ईमेल आणि पासवर्ड भरला की त्याला पडताळणीची लिंक जाते आणि ती उघडली की खाते चालू होते. संकेतस्थळ लॅराव्हेल या तयार वेब-चौकटीवर (फ्रेमवर्कवर) आहे. त्यात २०१८ सालच्या ५.७ या आवृत्तीपासून पडताळणीची सोय आयती मिळते, ती मी जशीच्या तशी वापरली. त्या लिंकची मुदत मुळातच ६० मिनिटांची असते, हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते.

आमचे निम्म्याहून अधिक सभासद निवृत्त आहेत. ते सकाळी वाचनालयाच्या टेबलावर बसून अर्ज भरतात आणि संध्याकाळी नातू शाळेतून आला की त्याच्याकडून मेल उघडून घेतात. तोवर लिंक गतप्राण झालेली असते. मग पांढऱ्या पानावर मधोमध करड्या अक्षरांत '४०३' आणि त्याच्या शेजारी 'इनव्हॅलिड सिग्नेचर' एवढेच दिसते. गेल्या आठवड्यात सत्तरी ओलांडलेले एक सभासद आधार कार्ड आणि पेन्शनचे पासबुक घेऊन वाचनालयात हजर झाले. "माझी सही जुळत नाही असे तुमचा संगणक म्हणतो. हल्ली हात थरथरतो, हे मान्य. पण मी सही केलीच कुठे?" असे त्यांनी विचारले. सही न जुळल्यामुळे ज्याचा धनादेश एकदा परत आला आहे, त्याला त्या दोन शब्दांचा दुसरा अर्थ लागणार तरी कसा?

मुदत ६० मिनिटांवरून ७ दिवसांवर नेली की भागेल, असे आमच्या कार्यवाहांचे मत आहे. मला ते पुरेसे वाटत नाही, कारण आठव्या दिवशी लिंक उघडणारा कोणीतरी असणारच. त्या माणसाला काय दाखवावे, याबद्दल जाणकारांचे अनुभव वाचायला आवडतील.

रांगेतला

मुदत मुळात हवीच कशाला, असा माझा सरळ प्रश्न आहे. ती लिंक पैसे काढून देत नाही, पासवर्डही बदलत नाही. 'हा पत्ता माझा आहे' एवढेच ती सांगते, आणि जो पत्ता काल माझा होता तो आजही माझाच असणार. मुदत काढून टाका, म्हणजे मुदत संपल्याचे पान तयार करण्याचे कामच उरणार नाही.

निळी_शाई

रांगेतला, आपले म्हणणे वरवर पटण्याजोगे आहे, पण न संपणारी लिंक कशी उलटते हे २०२२ साली एका अभ्यासात चांगले दाखवून दिले गेले. खाते खऱ्या मालकाने उघडण्याआधीच ते बळकावून ठेवण्याच्या युक्त्यांचा तो अभ्यास होता. त्यात ७५ लोकप्रिय सेवा तपासल्या गेल्या आणि किमान ३५ सेवांमध्ये अशी एखादी तरी फट सापडली. त्यांतली एक युक्ती आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. हल्लेखोर तुमच्या ईमेलवर आधीच खाते उघडतो आणि लगेच त्या खात्याचा ईमेल बदलून स्वतःचा लावण्याची विनंती करून ठेवतो. त्यासाठी त्याच्या पत्त्यावर आलेली लिंक तो उघडत नाही, नुसती जपून ठेवतो. काही महिन्यांनी तुम्ही तिथे नोंदणी करायला जाता, खाते आधीच असल्याचे कळल्यावर पासवर्ड बदलून ते ताब्यात घेता आणि निर्धास्तपणे वापरू लागता. त्यानंतर तो ती जुनी लिंक उघडतो आणि खाते त्याच्या पत्त्यावर जाते. लिंकला मुदत असती तर ही वाट आपोआप बंद झाली असती.

मुदत किती असावी याला एकच उत्तर नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१७ सालच्या ओळख-पडताळणीच्या मार्गदर्शिकेत ईमेलने पाठवलेल्या नोंदणीच्या कोडसाठी जास्तीत जास्त २४ तास आणि एसएमएससाठी १० मिनिटे दिली आहेत. जॅंगो या दुसऱ्या वेब-चौकटीत ऑलऑथ हे नोंदणी आणि लॉगिनचे पॅकेज वापरले तर ईमेल पडताळणीची मुदत मुळात ३ दिवसांची असते. वाचनालयाला ३ दिवस ठीक वाटतात, आणि ६० मिनिटे निश्चितच कमी आहेत. ईमेल बदलण्याच्या लिंकची मुदत मात्र पहिल्या नोंदणीच्या लिंकपेक्षा आखूड ठेवावी आणि पासवर्ड बदलला की तशा सगळ्या प्रलंबित विनंत्या रद्द कराव्यात.

पाटा_वरवंटा

दुधाच्या पिशवीवर दोन दिवस आणि लोणच्याच्या बरणीवर वर्ष लिहिलेले असते, कारण पदार्थ वेगळे असतात. आपण मात्र सगळ्या लिंकांवर दुधाची तारीख छापतो आणि आजोबांनी लोणचे मागितले की त्यांच्या सहीला नावे ठेवतो.

कंसातला_मी

धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण मुदत कितीही ठेवली तरी ते पान लागणारच आहे. आधी त्या सहीचा उलगडा करतो. लॅराव्हेलच्या पडताळणी-लिंकमध्ये सभासदाचा क्रमांक, त्याच्या ईमेलवरून गणिताने काढलेला ठसा (हॅश), मुदत संपण्याची वेळ आणि या सगळ्यावर मिळून सर्व्हरने आपल्या गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही एवढ्या गोष्टी असतात. मुदत संपली म्हणून ती सही खोटी ठरत नाही. धनादेशाचेच उदाहरण घेऊ. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१२ पासून धनादेशाची वैधता ६ महिन्यांवरून ३ महिन्यांवर आणली, पण तीन महिने उलटलेला धनादेश परत करताना बँक 'सही जुळत नाही' असा शेरा मारत नाही. तारीख जुनी झाल्याचा शेरा मारते. लिंकच्या मार्गावर (राउटवर) लावलेले सहीचे मिडलवेअर, म्हणजे विनंती पुढे जाण्याआधी ती तपासणारा कोड, मात्र दोन्ही तपासण्या एकत्र करते आणि काहीही चुकले तरी एकच अपवाद (त्रुटीचा इशारा) फेकते. आपल्या सभासदांना पेन्शनचे पासबुक घेऊन यावे लागले ते यामुळे.

यावरचा उपाय असा, की त्या मार्गावरून ते मिडलवेअर काढावे आणि कंट्रोलरमध्ये, म्हणजे ती विनंती हाताळणाऱ्या आपल्या कोडमध्ये, स्वतः तपासावे. लॅराव्हेलच्या यूआरएल जनरेटरमध्ये सही बरोबर आहे का आणि मुदत शिल्लक आहे का, या दोन तपासण्या वेगवेगळ्या फंक्शनांमध्ये आयत्याच उपलब्ध आहेत. क्रम मात्र महत्त्वाचा आहे. प्रथम सही पाहावी. ती चुकीची असेल तर लिंकमध्ये कोणीतरी फेरफार केला आहे किंवा ती अर्धवट कॉपी झाली आहे. सही बरोबर असेल तर पत्ता आधीच पडताळलेला आहे का ते पाहावे, आणि असेल तर मुदतीकडे ढुंकूनही न पाहता 'आपला ईमेल पूर्वीच पडताळला गेला आहे' असे सांगावे. लोक तीच लिंक दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडतात, आणि ज्याचे काम झालेले आहे त्याला 'मुदत संपली' म्हणून घाबरवणे हा आपला करंटेपणा होय. मुदतीची तपासणी सर्वांत शेवटी करावी.

आता यातली खरी मौज पाहा. मुदत संपलेल्या लिंकवरची सही बरोबर असल्यामुळे ती कोणत्या सभासदाची आहे हे आपल्याला खात्रीने माहीत असते. त्यामुळे त्याला लॉगिन करायला लावण्याची किंवा ईमेल पुन्हा टाइप करायला लावण्याची गरज नाही. 'नवी लिंक पाठवा' असे एक बटण पुरते, आणि ती लिंक नोंदवलेल्या पत्त्यावरच जाणार असल्यामुळे जुनी लिंक भलत्याच्या हाती पडली तरी फार तर एक जादा मेल जाईल.

शिवाय लॅराव्हेलच्या कागदपत्रांतल्या नमुन्यात या मार्गावर लॉगिनची अटही घातलेली असते. वाचनालयाच्या संगणकावर अर्ज भरून घरी मोबाइलवर मेल उघडणाऱ्याला त्यामुळे आधी लॉगिनचे पान दिसते आणि पासवर्ड आठवेपर्यंत ६० मिनिटे निघून जातात. तीही अट मी काढून टाकतो.

निळी_शाई

कंसातला_मी यांच्या क्रमाला अनुमोदन. जॅंगोवाल्यांसाठी एक पुरवणी जोडते. तिथे 'मुदत संपली' हा अपवाद 'सही चुकीची' या अपवादाचाच उपवर्ग आहे. त्यामुळे कोडमध्ये 'सही चुकीची' आधी पकडली तर मुदतीची शाखा कधीच चालत नाही, आणि चाचण्यांमध्ये दोन्हींना 'चुकीची लिंक' हेच उत्तर अपेक्षित धरलेले असेल तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. मी स्वतः हा गोंधळ एका प्रकल्पात वर्षभर सांभाळला आहे.

ग्रंथालय_सेवक

कंसातला_मी, धनादेशाचा दाखला मी आजच कार्यवाहांना ऐकवला आणि तो त्यांना तात्काळ पटला. एक शंका आहे. सभासद ओळखता येत असेल तर बटण तरी कशाला? जुनी लिंक उघडताच नवी लिंक आपोआप पाठवून 'नवा मेल पाहा' एवढेच सांगितले तर आजोबांचा एक क्लिक वाचेल.

तिठा

कृपया तसे करू नका. शिवाय कंसातला_मी यांनी लॉगिनची अट काढण्याचा जो सल्ला दिला आहे, तोही अर्धाच आहे. दोन्हींमागचे कारण एकच असल्यामुळे सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या प्रवेश-नोंदणीचे काम माझ्याकडे होते. तिथे एकदाच चालणारे टोकन (लिंकमधला गुप्त कोड) होते आणि लिंक उघडली की ते खर्ची पडत असे. ठरावीक संस्थांच्या मेलवरून नोंदणी करणाऱ्यांकडून 'लिंक कालबाह्य झाली' अशा तक्रारी येऊ लागल्या, आणि त्याही मेल मिळाल्याच्या पाचव्या मिनिटाला. सर्व्हरचा लॉग उघडला तेव्हा मेल पाठवल्यानंतर चौथ्या सेकंदाला लिंक उघडल्याची नोंद दिसली. विद्यार्थ्याच्या इनबॉक्समध्ये मेल पडण्याआधीच त्या संस्थेच्या मेल-सुरक्षेच्या यंत्रणेने लिंक धोकादायक नाही ना हे पाहण्यासाठी ती उघडली होती, आणि टोकन तिथेच संपले होते. आम्ही मात्र विद्यार्थ्यांना 'वेळेत उघडत जा' असे उपदेश करत होतो.

दोष त्या यंत्रणेचा नव्हता. वेबच्या नियमांप्रमाणे गेट, म्हणजे पान नुसते मागवणे, ही निरुपद्रवी विनंती आहे. इंटरनेटच्या मानकांपैकी (आरएफसी) जून २०२२ च्या आरएफसी ९११० मध्येही तिला सुरक्षित पद्धतींत गणले आहे. नुसत्या गेटवर खाते चालू करणे ही आमची चूक होती. मेलमधल्या सदस्यत्व-रद्दच्या लिंकांवरही हेच संकट आले होते. यंत्रणा लिंका तपासत आणि माणसांची सदस्यत्वे परस्पर रद्द होत. म्हणूनच जानेवारी २०१७ च्या आरएफसी ८०५८ मध्ये एका क्लिकच्या रद्दीकरणासाठी पोस्ट विनंतीची, म्हणजे काही बदल घडवण्यासाठी पाठवल्या जाणाऱ्या विनंतीची, अट घातली गेली. ऑलऑथमध्येही केवळ लिंक उघडल्यावर पडताळणी करण्याचा पर्याय मुळात बंदच ठेवलेला असतो.

म्हणून लॉगिनची अट काढायची असेल, तर लिंक उघडल्यावर 'माझा ईमेल पडताळा' असे बटण असलेले साधे पान दाखवावे आणि बटण दाबल्यावरच पोस्टने पडताळणी करावी. तसे केले नाही तर कोणी दुसऱ्याच्याच ईमेलवर अर्ज भरला तरी तपासणी-यंत्रणा त्याच्या वतीने परस्पर पडताळणी करून मोकळी होईल. ते बटण जावास्क्रिप्टने आपोआप दाबले जाईल अशी हुशारीही नको, कारण काही यंत्रणा पान पूर्ण चालवून पाहतात. धागाकर्त्यांच्या आपोआप पाठवण्यालाही माझी हीच हरकत आहे. जुना मेल पुन्हा तपासला गेला की माणसाने न मागितलेला नवा मेल जाईल, आणि असे तीन-चार झाले की आपला पत्ताच स्पॅममध्ये ढकलला जाईल.

पाटा_वरवंटा

म्हणजे आजोबांच्या वतीने सही करणारा कोणीतरी होता तर! त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत राहतो आणि गावाकडच्या अशाच एका संस्थेचा आजीव सभासद आहे. माझा अनुभव वेळेबद्दलचा आहे. भारतात सकाळी १० वाजता निघालेला मेल उन्हाळ्यात इथे रात्री साडेबाराला आणि हिवाळ्यात रात्री साडेअकराला पोहोचतो. एका तासाची लिंक म्हणजे माझ्या दृष्टीने जन्मतःच मेलेली लिंक. तीन वेळा नवी लिंक मागवली, तिन्ही वेळा ती माझ्या झोपेत आली आणि झोपेतच गेली. अखेरीस पहाटेचा गजर लावून पडताळणी केली तेव्हा बायकोने विचारले, की मुहूर्ताची काही पूजा आहे का.

मेलमध्ये 'ही लिंक लवकरच निकामी होईल' असे मोघम लिहू नये. मुदत संपण्याची तारीख आणि वेळ 'भारतीय वेळेनुसार' असे स्पष्ट म्हणून लिहावी. पानावर दाखवताना ती ब्राउझरच्या स्थानिक वेळेत बदलता आली तर आणखी उत्तम.

रांगेतला

मुदत हवी हे मान्य केले. पण मग ती मोजायची कुठून, हेही ठरवावे लागेल. काही मेल-सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्या खेपेस 'नंतर या' म्हणून परत पाठवतात आणि दुसऱ्या खेपेस घेतात. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. पुन्हा प्रयत्न करण्याआधी किमान ३० मिनिटे थांबावे, आणि पूर्ण हार मानण्याआधी ४ ते ५ दिवस प्रयत्न करत राहावे, अशी शिफारस आरएफसी ५३२१ मध्ये आहे. म्हणजे ६० मिनिटांतली निम्मी वाटेतच जाऊ शकतात. त्यातच आपली स्वतःची कामांची रांग तुंबली, तर सभासदाच्या हाती लिंक पडेपर्यंत उरतेच काय?

कंसातला_मी

वाटेतल्या उशिराबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे, पण आपल्या रांगेच्या उशिराबद्दल थोडी दुरुस्ती सुचवतो. लॅराव्हेलमध्ये ती लिंक मेलचा मजकूर तयार होताना बनते, नोंदणीच्या क्षणी नाही. सूचना रांगेत टाकली असली तरी काम प्रत्यक्ष चालेल तेव्हाच घड्याळ सुरू होते, त्यामुळे आपली रांग दोन तास तुंबली तरी मुदत खर्च होत नाही. ज्यांनी स्वतःचे टोकन नोंदणीच्याच वेळी डेटाबेसात लिहून ठेवले आहे, त्यांना मात्र आपला इशारा पुरेपूर लागू आहे.

टोकनवाल्यांची आणखी एक अडचण आहे. सभासद अधीरपणे तीनदा 'पुन्हा पाठवा' दाबतो. जीमेल एकाच विषयाचे ते तिन्ही मेल एका संभाषणात रचते, आणि तो त्यांतला समोर दिसेल तो उघडतो. प्रत्येक नव्या टोकनाने जुने पुसले जात असेल, तर दोन लिंका मुदत शिल्लक असूनही मेलेल्या असतात. सही केलेल्या लिंका एकमेकींपासून स्वतंत्र असल्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. टोकनवाल्यांनी निदान मेलच्या विषयात वेळ घालावी आणि मागची दोन-तीन टोकने त्यांच्या मुदतीपर्यंत जिवंत ठेवावीत.

अर्धविराम

तांत्रिक बाजू आपण सर्वांनी उत्तम मांडली, पण प्रत्यक्ष मजकुराबद्दल अजून कोणीच लिहिलेले नाही, आणि आजोबांना तर मजकूरच दिसणार आहे. 'कालबाह्य दुवा' हा शब्दप्रयोग मला खटकतो. कालबाह्य चालीरीती असतात, लिंकची मुदत संपते. 'अवैध' हा शब्द तर पूर्ण टाळावा, कारण त्यातून वाचणाऱ्यानेच काही बेकायदा केल्याचा भास होतो. मी सुचवतो तो मजकूर असा:

'या लिंकची मुदत संपली आहे. आपली माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे. अर्ज पुन्हा भरण्याची गरज नाही. खालील बटण दाबल्यास आपण नोंदवलेल्या ईमेलवर नवी लिंक पाठवू. ती ३ दिवस चालेल.'

बटणावर 'नवी लिंक पाठवा' असे लिहावे, नुसते 'पुढे' लिहू नये. अर्ज पुन्हा भरण्याची गरज नाही हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण मुदत संपली म्हटले की आपल्याकडे माणूस पहिल्यापासून सुरुवात करायची तयारी करतो. सरकारी खिडक्यांनी आपल्याला तसे वळणच लावले आहे.

चौथी_सीट

एवढ्या खटाटोपापेक्षा सहा अंकी कोड पाठवावा. बँकांनी सगळ्या आजी-आजोबांना ओटीपी टाइप करायला शिकवून ठेवले आहे. तपासणी-यंत्रणेने मेल वाचला तरी कोड खर्ची पडत नाही. मेल मोबाइलवर आणि अर्ज वाचनालयाच्या संगणकावर असला तरी अडत नाही.

निळी_शाई

चौथी_सीट यांचा पर्याय चांगला आहे, पण त्याने मुदतीचा प्रश्न सुटत नाही, उलट तीव्र होतो. सहा अंकांत १० लाखच शक्यता असतात, त्यामुळे कोडची मुदत आखूड आणि चुकीच्या प्रयत्नांची संख्या मोजकी ठेवावीच लागते. सकाळी अर्ज भरून संध्याकाळी मेल पाहणाऱ्याला तो उपयोगाचा नाही. शिवाय 'मेलमध्ये आलेला कोड कोणालाही सांगू नका' असे आपण एकीकडे बजावतो आणि दुसरीकडे नातवाला फोनवरून तोच वाचून दाखवायला लावतो.

सर्वांनी आणखी एक जागा तपासावी. मुदत संपल्याचे पाहून अनेक जण सरळ नव्याने नोंदणी करायला जातात आणि तिथे 'हा ईमेल आधीच नोंदवलेला आहे' असे उत्तर मिळते. पुढे जायची वाट नाही आणि मागे फिरायचीही नाही. पडताळणी न झालेल्या पत्त्यावर पुन्हा नोंदणी आली तर नवी लिंक पाठवावी, आणि आधीच्या अर्जातला पासवर्ड टाकून द्यावा, कारण तो कोणी ठेवला हे आपल्याला माहीत नसते. नुसता ईमेल टाकून लिंक मागवण्याचे पान ठेवले असेल, तर पत्ता नोंदवलेला असो वा नसो, तिथे उत्तर एकच द्यावे. नाहीतर कोण कोण सभासद आहे याची यादी त्या पानावरून बाहेरच्यालाही काढता येते.

दूरदेशी

नवी लिंक पाठवण्यावरही मर्यादा हवी ना? माझ्यासारखा रात्री जागा राहिलेला माणूस ते बटण डोअरबेलसारखे दाबतो.

कंसातला_मी

हवीच. लॅराव्हेलच्या नमुन्यात मिनिटाला ६ अशी मर्यादा असते, ती मेलसाठी फार सैल आहे. मी एका खात्याला दोन मिनिटांत एक आणि दिवसाला पाच अशी ठेवतो. मर्यादा ओलांडणाऱ्याला लाल अक्षरांत दटावू नये. 'लिंक ७ वाजून १० मिनिटांनी पाठवली आहे. स्पॅमचा कप्पाही पाहावा' असे सांगावे.

ग्रंथालय_सेवक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवार-रविवार बसून बदल केले, ते नोंदवतो. मुदत ३ दिवस केली. सही, आधीची पडताळणी आणि मुदत या तपासण्या त्याच क्रमाने वेगळ्या केल्या. लॉगिनची अट काढली आणि तिठा यांच्या सूचनेप्रमाणे पडताळणी बटणावर, पोस्टने ठेवली. अर्धविराम यांचा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा घेतला. फक्त खाली वाचनालयाचा दूरध्वनी क्रमांक आणि 'सकाळी ९ ते ११' अशी वेळ घातली, कारण आमच्याकडे शेवटी फोनच येतो. नव्या नोंदणीच्या वेळी जुना पासवर्ड टाकून देण्याचे काम अजून बाकी आहे.

मग त्या सभासदांना वाचनालयात बोलावून त्यांची जुनी लिंक त्यांच्याच मोबाइलवर उघडायला सांगितली. त्यांनी पान वाचले, चष्मा वर करून पुन्हा वाचले, आणि बटण दाबण्याआधी विचारले, "माहिती सुरक्षित आहे म्हणता, मग परवा तसेच का नाही सांगितले?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तिठा

उत्तम काम झाले. आता एक राहिलेली बाब सांगतो. आपण हे सगळे ज्याला मेल पोहोचला त्याच्यासाठी केले आहे. ज्याने पत्ताच चुकीचा टाइप केला, तो मुदत संपल्याच्या पानापर्यंत येणारच नाही. 'पुन्हा पाठवा' कितीही दाबले तरी मेल त्याच चुकीच्या पत्त्यावर जात राहील. नोंदणीनंतरच्या 'मेल पाहा' या पानावर त्याने टाइप केलेला पत्ता ठळक दाखवा आणि शेजारी 'पत्ता चुकला? बदला' अशी सोय द्या. पत्ता बदलला की जुन्या पत्त्यावर गेलेल्या लिंका आपोआप निकामी होतात, कारण लिंकमधला ईमेलचा हॅश मग जुळत नाही. फक्त ती तपासणी आपल्या नव्या कंट्रोलरमध्ये राहिली आहे ना, ते पाहून घ्या.

ग्रंथालय_सेवक

हॅशची तपासणी राहिलीच होती, आत्ता घातली. आपले वाचून पडताळणी न झालेल्यांची यादी काढून पाहिली, तर त्यात जीमेलच्या शेवटी 'डॉट कॉन' लिहिलेले तीन पत्ते निघाले. त्यांतला एक आमच्या कार्यवाहांचाच आहे.